गिरगावात घातलेलं गाऱ्हाणं

जरा जवळ सरक बघू, इंदू. कान दे इकडं. पत्रातून पिळता येत नाही म्हणून वाचलीस! नव्या शहरात जाऊन चार महिने झाले नाहीत, तर 'मावशी, इथला देवसुद्धा आपला वाटत नाही' असं लिहितेस? अगं, हेच मनात घोळवत मी एकदा मुंबईभर हिंडले आहे. त्याचं काय झालं ते ऐक. मी शाळेत गेलेली नाही, अक्षरं चुलीपुढं राखेत गिरवली. जसं बोलते तसंच लिहीन.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. तुझ्या काकांनी मला आणि चार वर्षांच्या बायोला गावाहून लालबागच्या खोलीत आणून आठवडाही झाला नव्हता. गिरणीला सुट्टी होती, म्हणून हे म्हणाले, "चला, तुम्हाला मुंबई दाखवतो." शेजारीण म्हणाली, "आज नको गं, मोर्चा आहे म्हणतात." हे हसले. माझा मात्र पाय उंबऱ्याबाहेर पडेना. गावी घराबाहेर लांब पाऊल टाकायचं तर आधी देवीपुढं गाऱ्हाणं व्हायचं. गावचा मानकरी गावकर उभा राहून आमची नावं घ्यायचा, ह्यांना सांभाळ म्हणायचा, आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचे. मग कसं निर्धास्त वाटे. इथं कुणाला सांगायचं? एवढ्या माणसांत देवी मला ओळखणार कशी? राणीच्या बागेत बायो हत्ती बघून टाळ्या पिटत होती, आणि मी मात्र मागं वळून वळून बघत होते, काहीतरी विसरून आल्यासारखी.

दुपारी गिरगावात एका खानावळीत जेवलो. चालवणारी बाई आमच्याच मालवणकडची, सगळे तिला आक्का म्हणत. माझं पान बघून ओरडली, "गो, भात इतकोच? घोवान दटावल्यान काय?" सगळे ह्यांच्याकडं बघून हसले, हे लाजले. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

आता माझी चूक सांगते. जत्रेत आम्ही पोराच्या मनगटाला पदराचं टोक बांधतो. सकाळपासून बायोला तशीच बांधली होती. पण खानावळीतून बाहेर पडल्यावर समोरून गिरगावच्या दोन बायका आल्या, छान केस विंचरलेल्या, चपला घातलेल्या. त्या गाठीकडं बघून काहीतरी बोलल्या. मला वाटलं, गावंढळ म्हणाल्या. मी गाठ सोडली. तेवढ्यात वळणावरून मोर्चा आला. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' माणसांचा लोंढाच. मी भिंतीला चिकटले. पाचच मिनिटं गेली असतील. हात चाचपडते, तर बायो नाही.

हे म्हणाले, "तू इथंच थांब, हलू नकोस," आणि गर्दीत घुसले. मी हाका मारत सुटले. मोर्चातले पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पत्र्याचा कर्णा घेऊन आले. "बाई, मुलीचं नाव?" म्हटलं, बायो. ते म्हणाले, "अहो, नुसतं बायो पुकारलं तर अर्ध्या गिरगावातल्या मुली इथं गोळा होतील. वडिलांचं नाव सांगा, ते तिला ठाऊक असेल." असणारच, बापाचं नाव ती पोपटासारखं म्हणायची. पण ते माझ्या तोंडून कसं निघावं? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं माझ्या हाडात मुरवलेलं. इकडं लेक, तिकडं नवरा. गृहस्थ चिडले, "बाई, मोर्चा पुढं चाललाय!" माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी.

इतक्यात आक्का हात पुसत बाहेर आली. तिनं एका नजरेत ओळखलं. माझं मनगट धरून कोपऱ्यावरच्या भिंतीतल्या एका घुमटीपुढं नेलं. आत शेंदूर लावलेली हातभर उंचीची देवी, पुढं दोन झेंडूची फुलं. म्हणाली, "आमका सांगू नको. हिका सांग. गाराणा घाल. गाराण्यात नाव घेतला तर पाप लागना नाय."

बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. हात जोडले. म्हटलं, "आई, तू नवी, मी नवी. अमक्याची लेक, अमक्याची नात तुझ्या गावात हरवली हा. तिका सुखरूप हाडून दी." ह्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, सगळं स्पष्ट घेतलं. आणि माझ्या पाठीमागून, इंदू, त्या अनोळखी रस्त्यावर दहा-वीस गळे एकदम म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

कोण होते ते? मोर्चातले गिरणीवाले असतील, खानावळीत जेवणारे असतील. मी वळून बघितलंच नाही. सकाळपासून काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं, ते मात्र गेलं. म्हटलं, आई, आता तुझं तू बघ.

त्या गृहस्थांनी मागून ह्यांचं नाव ऐकलं होतं, ते कर्ण्यातून गल्लोगल्ली गेलं. दोन गल्ल्यांपलीकडं एक म्हातारे कुंकूवाले बायोला दुकानाच्या फळीवर बसवून चुरमुरे चारत होते. तिनं त्यांना तेच नाव सांगितलं होतं. ते तिला कडेवर घेऊन आले. आणि हे आले धापा टाकत, तोंड पांढरं. त्यांना वाटलं, पोलीस नाव पुकारतात! "माझं नाव दिलं कुणी?" आक्का म्हणाली, "देवीन!"

हे पुढं कायम म्हणायचे, दोनच गल्ल्या होत्या, सापडलीच असती. असेलही. मी वाद घालत नाही. मला एवढं कळलं की देवीनं मला ओळखावं म्हणून मी दिवसभर तळमळत होते, पण तिच्यापुढं तोंड उघडून सगळं सांगितलं ते हात रिकामे झाल्यावर. मुठीत भीती धरून नमस्कार होत नाही गं. आणि आयुष्याचं म्हणशील, तर हे चौऱ्याऐंशी वर्षं जगले. त्या माउलीचे उपकार मी कशानं फेडू?

ते नाव इथंही लिहीत नाही, हसू नकोस. तिथं एखादी घुमटी शोध, मनातलं सांगून टाक, आणि मग लवकर माझ्याकडं ये. येत्या सुट्टीतच ये, पोरांनाही आण. जिना चुकलीस तर चाळीत कुणालाही तुझ्या काकांचं नाव विचार. माझं नाव इथं कुणाला ठाऊक नाही.