करपलेल्या तेलाचा वास

जुळे सोलापुरातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिकनं आमच्या ऑटोमॅटिक व्हॅनच्या गिअरबॉक्समधली तेल बघायची पट्टी काढून माझ्यापुढं धरली. तेल काळं पडलं होतं आणि त्याला करपल्यासारखा वास येत होता. त्या वासानं मी लहानपणीच्या एका दुपारी जाऊन पोचले.

आम्ही अक्कलकोटला निघालो होतो. अप्पांच्या जुन्या व्हॅनचे गिअरही आपोआप बदलायचे. त्या दिवशी चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी ओढ घेत नव्हती. मग एकदम हिसका देऊन गिअर पडायचा. अप्पांनी गाडी कडेला घेतली, अशीच पट्टी काढली आणि हुंगली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काय न्हाय, तापलीय. तुमी एसटीनं फुडं व्हा. मी हिला हळूहळू माघारी नेतो."

एसटीत खिडकी मिळणार म्हणून मी आणि ताई मागच्या सीटवरून उड्या मारत उतरलो. अप्पा हसले नाहीत. मला वाटलं, ते रागावलेत. आता कळतं, ते घाबरले होते.

अप्पा एकटे परतताना वाटेतल्या दुसऱ्या चढावर गिअर सुटला, व्हॅन मंदावली आणि मागून ट्रक आदळला. मागची सीट चेपून पुढच्या सीटला चिकटली. निरोप मिळून आम्ही दवाखान्यात पोचलो, तेव्हा अप्पांच्या कपाळाला टाके घातले होते. आम्हाला त्यांनीच एसटीत बसवलं होतं, तरी ते आईला पुन्हापुन्हा विचारत होते, "पोरी कुटं हायत?"

आम्ही दोघी त्यांच्या समोरच उभ्या होतो.