सेफ्टीवाले भाई आणि ज्वालाग्राही पुस्तक

जगातल्या कुठल्याही कादंबरीतलं एकही मरण अटळ नव्हतं, असं छातीठोकपणे सांगणारा वाचक मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे सेफ्टीवाले भाई. प्रेमभंग, भाऊबंदकी, महापूर, नायिकेचा क्षय, यातलं काहीही त्यांच्यापुढे ठेवा, भाई चष्मा कपाळावर चढवून सांगणार, "वहिनी, हे टळलं असतं. पान एकशे बारावर टळलं असतं." आणि पान एकशे बारा उघडावं तर खरोखरच तिथे कुणीतरी हातात कंदील घेऊन ओल्या जिन्यावरून उतरत असतं आणि जिन्याला कठडा नसतो.

भाई मूळचे दापोलीकडचे. बहरीनमध्ये सव्वीस वर्षं आहेत आणि सित्राच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका ठेकेदाराकडे सेफ्टी ऑफिसर आहेत. कामगारांनी हेल्मेट घातलं आहे का, उंचावर चढताना कमरेचा पट्टा अडकवला आहे का, वेल्डिंगच्या जागी पाण्याची बादली आहे का, हे पाहणं त्यांचं काम. ते काम संध्याकाळी पाच वाजता संपतं असं कंपनीला वाटतं. माझा त्यांच्याशी संबंध पुस्तकांमुळे आला. राजधानीत, मनामाला, आमच्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट आहे, त्यात दोनशे चौदा मराठी पुस्तकं आहेत आणि त्यांची यादी माझ्याकडे आहे. एका वेळी दोन पुस्तकं, मुदत तीन आठवडे, पानांचे कोपरे दुमडायचे नाहीत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या वारी, दहा-बारा माणसं जमतात, वाचलेल्यावर बोलतात, चहा पितात आणि वेळेवर घरी जातात. भाई पाच मिनिटं आधी येतात. आल्या आल्या गॅसचा कॉक बंद आहे का ते बघतात, मग दारातल्या चपला भिंतीकडेला ओळीने लावतात. "आग लागली तर वीस चपला ओलांडून कोण पळणार, वहिनी?" हे ते दर महिन्याला विचारतात. आता बाकीचे लोक चपला काढतानाच ओळीत लावतात, त्यामुळे भाईंचा थोडा हिरमोड होतो.

त्यांची वाचायची पद्धतही साइटवरची. पेन्सिल कानाशी, कंपनीचा जुना तपासणी फॉर्म पुस्तकात खुणेला. त्या फॉर्मवर ते घटना, ठिकाण, कारण आणि उपाय असे चार रकाने भरतात. एकदा आम्ही एक प्रेमकथा वाचली होती. त्यातला तरुण भरल्या खाडीतून रात्रीचा प्रेयसीला भेटायला निघतो आणि होडी उलटते. बुदैयाहून येणाऱ्या देसाईबाईंचा त्या प्रकरणावर फार जीव. त्या डोळे पुसत बोलत होत्या आणि भाई फॉर्म चाळत होते.

"होडीत तिघं. लाइफ जॅकेट एकाकडेही नाही," भाई म्हणाले. "नावाडी आदल्या दिवसापासून तापाने आजारी. ताप असलेल्या माणसाला ड्यूटीवर घेतलाच कसा?"

"अहो भाई, प्रेम आहे ते!"

"प्रेम आहे म्हणूनच बोलतो ना बाई. सकाळी पाणी उतरणार होतं. लेखकाने स्वतः लिहिलंय, पान नव्वद. सहा तास थांबला असता तर लग्न झालं असतं."

आम्ही सगळ्यांनी पान नव्वद उघडलं. पाणी खरंच सकाळी उतरणार होतं. तेव्हापासून देसाईबाईंना त्या प्रकरणावर रडू येत नाही आणि याबद्दल त्यांनी भाईंना माफ केलेलं नाही. दुसऱ्या एका कादंबरीत नायक भर मे महिन्यात नायिकेच्या घरासमोर दुपारभर उभा राहतो. इथे उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि भाईंनी तो नियम साहित्यालाही लागू केला. "नायकाने बाराला सावलीत जायला पाहिजे होतं. पाण्याची बाटली नाही, टोपी नाही. तिने होकार दिला तो दया येऊन. असल्या होकाराचा काय भरोसा?" पुढे त्या दोघांचा संसार मोडतो, हे इथे नमूद करायला हवं.

यावरून भाई कोरडे आहेत असं कुणाला वाटेल. ते तसे नाहीत, हे मला त्यांच्या कंपनीतल्या एका कारकुनाकडून कळलं. साइटवर रोज सकाळी काम सुरू होण्याआधी कामगारांना गोळा करून दहा मिनिटं सुरक्षिततेवर बोलावं लागतं. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात आणि ते ऐकताना माणसं उभ्या उभ्या झोपतात. भाईंच्या वेळी मात्र कुणी झोपत नाही, कारण भाई तिथे आमच्या कपाटातल्या कादंबऱ्या सांगतात, हिंदीत, रोज थोडी थोडी. खाडीवाली प्रेमकथा आठवडाभर चालली. केरळचे, बिहारचे, पेशावरचे लोक "फिर क्या हुआ?" विचारत आणि फोरमन लांबून "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, आटपा, असं ओरडत राही. हे ऐकून मी भाईंना विचारलं, की होडी उलटल्यावर त्या माणसांची तोंडं कशी झाली?

"उलटली कुठे?" भाई म्हणाले. "नावाड्याने ऐन वेळी नाही म्हणून सांगितलं. सकाळी गेले सगळे."

"पण पुस्तकात तर बुडतात."

"पुस्तकात बुडू दे. माझ्या टॉकमध्ये कुणी मरत नाही."

कादंबऱ्यांवर त्यांचं असं प्रेम, पण प्रेरणादायी पुस्तकांचा विषय निघाला की भाईंचा आवाज बदलतो. ही पुस्तकं आमच्या कपाटात सर्वांत जास्त फिरतात आणि भाई ती एकही सोडत नाहीत, पण जेवणाच्या डब्यात शेजाऱ्याने काय आणलंय ते बघावं तसे संशयाने वाचतात. पहाटे चारला उठणारा माणूस यशस्वी होतो, असं सांगणारं एक पुस्तक आम्ही वाचलं होतं. भाई म्हणाले, "सित्राच्या लेबर कॅम्पात चारला सगळेच उठतात. साडेचारला बस सुटते. आठशे माणसं आहेत. लेखकाला म्हणावं, एकदा येऊन बघून जा यश." दुसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं, की परतीच्या होड्या जाळा म्हणजे पुढे जायची जिद्द येते. भाईंनी विचारलं, "जाळताना अग्निशामक कोण घेऊन उभा होता?" यातून त्यांनी एक पद्धत काढली. साइटवर रसायनांच्या पिंपांना लावतात ते लाल स्टिकर त्यांनी आणले आणि अशा पुस्तकांच्या कव्हरवर लावले. त्यावर ज्वाळेचं चित्र आणि खाली इंग्रजीत आणि अरबीत "ज्वालाग्राही". पुस्तकांवर काही चिकटवायचं नाही हा माझा नियम आहे, पण ते इतके सरळ रेषेत चिकटवले होते की मी ते राहू दिले.

आणि तिथेच घोळ झाला. गेल्या हिवाळ्यात भाई असंच एक पुस्तक कंपनीच्या बसमध्ये विसरले. पगारी नोकरी सोडून गावी जाऊन स्वतःचा धंदा उभारलेल्या एका माणसाचं ते आत्मकथन. बसमध्ये मागच्या सीटवर विलास नावाचा वेल्डर बसला होता, साताऱ्याकडचा, पाटण तालुक्यातला, चौतिशीचा, शाळेनंतर एकही पुस्तक न वाचलेला. साधं पुस्तक असतं तर त्याने ड्रायव्हरकडे दिलं असतं. पण कव्हरवर ज्वाळेचं चित्र! वेल्डरला असलं चित्र दिसलं की आत काय आहे ते वाचायचं, ही सवय त्याला भाईंनीच लावली होती. त्याने दोन दिवसांत पुस्तक संपवलं, तिसऱ्या दिवशी परत वाचलं आणि चौथ्या दिवशी भाईंना सांगितलं, की रविवारी राजीनामा देतोय.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला भाई आमच्या दारात उभे होते. पहिला शुक्रवार नव्हता. चपला त्यांनी कशाही काढल्या.

"वहिनी, ॲक्सिडेंट झाला. माझ्या हातून. सव्वीस वर्षांत पहिला."

मी पाणी दिलं आणि सगळं क्रमाने सांगायला लावलं. विलासची सहा वर्षांची नोकरी, चांगला हात, पुढच्या वर्षी फोरमन होईल अशी बोलणी. घरी बायको, मुलगी, आईवडील, सगळे त्याच्या एकट्याच्या जिवावर. परत आला तर व्हिसा मिळेल की नाही, देवाला माहीत. "एका वाक्यासाठी, वहिनी! त्या लेखकाने लिहिलंय, 'तुमच्या स्वतःच्या आयुष्यासाठी तुम्ही रजा कुणाकडे मागताय?' कुणाकडे म्हणजे? एचआरकडे! फॉर्म भरून!" पुस्तक कपाटातलं म्हणून मीही सहआरोपी. मी यजमानांना खाली गाडी काढायला सांगितलं आणि अकरा वाजता विलास आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला होता, भाई त्याच्यासमोर, मध्ये फॉर्म. अपघाताचं मूळ शोधायची साइटवर एक रीत असते. पाच वेळा "का" विचारायचं. पहिलं उत्तर कधीच खरं नसतं, असं भाई म्हणतात.

"राजीनामा का देतोस?"

"गावात वेल्डिंगचं दुकान टाकायचंय. गेटं, ग्रिलं, ट्रॉल्या."

"तेच काम इथे आहे. मग तिथे का?"

"तिथं पोरगी हाय, भाई."

"पोरगी सहा वर्षं तिथेच आहे. आत्ताच का?"

विलासने टेबलावरच्या खारी बिस्किटाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही खाली ठेवले. "मागच्या सुट्टीला गेलो होतो ना, तवा पयल्या दिवशी तिनं माझ्या देखत आईला इचारलं, 'हे रात्री पण हितंच राहणार?'"

भाईंची पेन्सिल फॉर्मवर टेकली होती, पण चालत नव्हती.

"मग तेव्हाच का नाही सोडलीस नोकरी?" हे भाईंनी जरा हळू विचारलं.

"तवा मनात होतं, पण बोलायचं कसं ते कळत नव्हतं. ह्या पुस्तकात मांडून ठेवलंय. मी काय पेटलो नाय, भाई. मी दोन वर्सं धुमसतच होतो."

चार "का" झाले होते. पाचवा भाईंनी विचारलाच नाही. विलासच म्हणाला, "भाई, तुमी का नाय गेला कधी?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती विचारपूस होती. भाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर रेघ मारली.

"दुकानाला अर्थिंग आहे का?"

"आं?"

"अर्थिंग! शेड पत्र्याची का? शेजारी गवताची गंजी आहे का? सिलिंडर उभे ठेवणार की आडवे? पोरगी दुकानात येणार, येणारच, तिच्यासाठी काळी काच कुठून आणणार?"

विलास बघत राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं. मी उठून वही आणली, कारण असल्या वेळी मला यादी करण्यापलीकडे काही येत नाही. दोन तासांत तेवीस मुद्दे झाले. राजीनाम्याचं पत्र मी इंग्रजीत टाइप केलं, नोटीस किती दिवसांची ते करारात बघून घातलं आणि पत्राची प्रत ठेवायला सांगितली. भाईंनी एकच बदल सुचवला. "वैयक्तिक कारणास्तव" हे मी लिहिलेलं त्यांनी खोडलं आणि "मुलीजवळ राहण्यासाठी" असं घालायला लावलं. "खरं कारण लिहावं," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या माणसाला काय कळणार?"

नोटीस संपल्यावर एका शुक्रवारी दुपारी आम्ही विलासला विमानतळावर सोडलं. गाडी मी चालवत होते. त्याच्या सामानात दोन वेल्डिंग हेल्मेट होती, एक मोठं आणि एक भाईंनी कुठूनतरी मिळवलेलं, अगदीच लहान. आत जाताना तो भाईंच्या पाया पडायला वाकला आणि भाईंनी त्याला मध्येच धरलं. "गुडघ्याने वाक, कमरेने नको," म्हणाले. विलास हसत हसत रडला आणि गेला.

परतताना पुलावर समुद्र दोन्ही बाजूंना चकाकत होता. भाई एरवी माझ्या शेजारी बसले की वेग सांगतात, अंतर सांगतात, आरसे बघायला सांगतात. त्या दिवशी काही सांगेनात. पूल अर्धा संपल्यावर म्हणाले, "माझ्या पोरींनी कधी विचारलं नाही, वहिनी. मी राहणार का म्हणून."

"मग काय विचारायच्या?"

"कधी जाणार ते विचारायच्या. तारीख विचारून घ्यायच्या. हुशार पोरी." ते हसले. "आता दोघींची लग्नं झाली. आता तेही नाही विचारत."

मी न सांगताच वेग कमी केला. मनामाच्या पहिल्या इमारती दिसायला लागल्यावर ते माझ्याकडे वळले.

"पुढच्या वेळी मला कादंबरी द्या एक. काही घडत नाही अशी. घरात माणसं आहेत, जेवतायत, बोलतायत, झोपतायत. कुणी कुठे जात नाही. बस, एवढंच."

"भाई, अशी एक आहे, पण कंटाळवाणी आहे फार. यादीत बघा, दोन वर्षांत कुणी नेलेली नाही."

"चालेल."

"आणि चांगली सहाशे पानांची आहे."

"असू दे," भाई खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जाड असू दे."