न्हाणीतली आरती

दादा वयाने माझ्यापेक्षा मोठा, पण समज चार वर्षांच्या पोराएवढी. आमच्या बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावातल्या घराचे पत्रे एका वादळात उडाले आणि पाऊस थेट त्याच्या अंगावर कोसळला. तेव्हापासून डोक्यावर पाणी घ्यायचं म्हटलं की तो किंचाळत सुटायचा. आई ओल्या फडक्याने अंग पुसून भागवायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जवळच्या सांत्र द फ्लाक गावात अशा मुलांसाठी शाळा निघाली. तिथल्या क्रेओल बाई सगळं गाण्यातून शिकवायच्या. दादाचा जीव तिथे रमला. पण न धुतलेल्या डोक्यात फोड झाले आणि ते बरे होईपर्यंत शाळेने त्याला घरीच ठेवायला सांगितलं. बाईंनी उपायही सुचवला, "सांत एन सांते की ली कोंतां, तू ले झूर." न्हाऊ घालताना त्याच्या आवडीची एक सांते, म्हणजे गाणं म्हणा, रोज तेच. गाणं कुठे संपतं हे त्याला ठाऊक असलं, की पाणीही तिथेच संपणार हे कळेल.

दादाला शेवटपर्यंत येणारं गाणं एकच होतं, गणपतीची आरती.

बाबा देवळाचे कारभारी. देवापुढे कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. "आरती देवाची हाय, न्हाणीतली सांते नाय," म्हणाले. विषय संपला. आईने दुसरी गाणी म्हणून पाहिली. दादाने बादली लाथाडली. रोज सकाळी तो शाळेची पिशवी घेऊन बसच्या वाटेकडे बघत बसायचा. मला बाबांचा भयंकर राग यायचा. देव एवढा सोवळा असेल तर त्याने वादळ तरी आवरायचं होतं, असं मी आईला म्हटलं आणि बोलणी खाल्ली.

मग आईला इस्पितळात ठेवावं लागलं. तरण्याताठ्या भावाला बहीण न्हाऊ कशी घालणार? बाबाच आत गेले. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर. आत आरडाओरडा, तांब्या आपटल्याचा आवाज. मग बाबांचा देवळातला खणखणीत सूर लागला. आरती! कडव्याकडव्याला पाणी पडत होतं आणि दादा शब्द चुकवत त्यांच्याबरोबर गात होता.

आरती संपली, दार उघडलं. पंचा गुंडाळलेला दादा दोन्ही तळवे पुढे करून उभा होता. मला काही कळेना. बाबांना कळलं. ते ओल्या पायांनी देव्हाऱ्याकडे गेले, निरांजन पेटवून न्हाणीच्या दारात घेऊन आले. दादाने ज्योतीवर तळवे धरले आणि आपल्या ओल्या डोक्यावरून फिरवले.