नवसाबाईंच्या शाळेचं शेवटचं पान

गोटीराम सोनवण्यांची उभी हयात एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. हे नाशिकात मिशनच्या कार्यालयात जाऊन बसू लागले. सटाण्याकडच्या त्यांच्या गावी पूर्वी कॅथलिक मिशनची शाळा होती. ते तिसरीत असताना ती बंद पडली. तिचा इतिहास लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

दोन वर्षं त्यांनी जुनी पत्रं, हजेरीपट चाळले. प्रत्येक फादरचं नाव कागदावर होतं, छपरावर चढलेल्या कौलांचीही नोंद होती. शिकवणाऱ्या बाईंचा उल्लेख मात्र नुसता ‘शिक्षिका’. गोटीरामांना नाव पाठ होतं: नवसाबाई. वस्त्यावस्त्यांवर पायी फिरून त्या पोरी गोळा करून आणायच्या. शाळा का बंद पडली याबद्दल एका पत्रात दोनच शब्द सापडले, ‘गावाचा विरोध’.

म्हणून ते गावी मैनाबाईंकडे गेले. शाळेत त्या दोन वर्षं पुढे होत्या. ओट्यावर कांदा निवडत बसलेल्या.

“मैनाक्का, बाई गाव सोडून का गेल्या?”

मैनाबाईंचा हात थांबला. “तुले ठाऊक नही? तिले तुना बापनीच काढी दिन्हं.”

बाईंनी सगळ्या जातींची पोरं एका सतरंजीवर बसवली होती. गोटीरामांच्या वडिलांनी आणखी तिघांना हाताशी धरलं आणि विहिरीवर बाईंचं पाणी तोडलं. नऊ दिवस बाई नदीवरून हंडा वाहत शाळा घेत राहिल्या. दहाव्या दिवशी एकही पोर आलं नाही. पुढे गोटीराम शिकायला नाशिकरोडला मामांकडे गेले. मैनाबाई पुन्हा शाळेची पायरी चढल्या नाहीत.

त्या दिवसांत आपण मळ्यावर होतो, सुट्टी मिळाली म्हणून नाचत होतो, एवढंच गोटीरामांना आठवलं.

थोरला भाऊ कारभारी भडकलाच. “मेलेल्या बापाची अब्रू काढतो का? ‘गावाचा विरोध’ लिही. खोटं हाय का ते?”

“खोटं नाही,” गोटीराम म्हणाले. “पण पत्रांनी बाईंचं नाव गाळलं. मी वडिलांचं गाळलं, तर मग मी वेगळं काय केलं?”

महिनाभर त्यांना शेवटचं पान लिहवेना. मग एका सकाळी दोन्ही नावं लिहून ते उठले. पुस्तिका छापून झाली, तसं कारभारीने बोलणं टाकलं. ते आजही सुरू झालेलं नाही.

पहिली प्रत त्यांनी मैनाबाईंच्या हाती दिली. अक्षराखाली बोट सरकवत त्यांनी शेवटचं पान सावकाश वाचलं.

“त्या चारमा मना बापबी व्हता,” त्या म्हणाल्या. “त्यानं नाव नही लिखं तू.”

“अक्का, तुम्ही त्या दिवशी सांगितलं नव्हतं.”

“आते सांगस. लिख.”

गोटीरामांनी खिशातलं पेन काढलं आणि छापील ओळीखाली ते नाव लिहिलं.