बाभळीची साल आणि पाच काळ्या ओढण्या

पहिली ओढणी पातेल्यातून वर काढली आणि माझा हात तिथेच थांबला. रंग खारकेसारखा यायला हवा होता. आला होता तव्याच्या बुडासारखा. उरलेल्या चारही तशाच.

मी तीस वर्षं कापड गिरणीच्या लॅबमध्ये नोकरी केली. रिटायर झाल्यावर पाटोद्याला परत आले आणि घराच्या मागच्या अंगणात बाभळीच्या सालीने कापड रंगवायला लागले. पद्धत सोपी आहे. साल भिजवायची, उकळायची, गाळायची. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढायचं, म्हणजे रंग धरून राहतो. मग ते सालीच्या पाण्यात मुरत ठेवायचं. मदतीला शेजारच्या गंगूबाई. साल सोलण्यापासून जाळ घालण्यापर्यंत सगळं त्याच बघतात.

ऑर्डर बीडच्या एका मॅडमची होती. मुलीच्या लग्नात दहा करवल्यांना एकसारख्या ओढण्या. कापड त्यांनीच दिलेलं, मोजून दहाच; पातेल्यात एका वेळी पाच मावतात, म्हणून पाच अजून कोऱ्याच होत्या. सॅम्पल त्यांना फार आवडलं होतं. लग्न रविवारी, आणि आज बुधवार.

मॅडमना फोन करून खरं ते सांगितलं.

"ताई, लग्नात काळं कसं चालेल? सासरकडचे काय म्हणतील?"

"शुक्रवारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मलाही माहीत नव्हतं. धास्ती तर होतीच. पण खोटं कशाला बोलू, उत्सुकताही तेवढीच होती. तेच झाड, तीच तुरटी, त्याच टाकीचं पाणी. मग सॅम्पल खारकेसारखं आणि ऑर्डर काळी, हे झालं कसं?

एका ओढणीच्या टोकावर लिंबू पिळलं. थोड्या वेळात तेवढाच ठिपका उजळला. म्हणजे लोखंड. सालीच्या तुरट रसाला लोखंड भेटलं की रंग काळा पडतो, आणि लिंबाची आंबटाई तो काळेपणा सोडवते. गुन्हेगार कळला होता. तो घरात शिरला कुठून, ते कळेना. पातेलं स्टीलचं. ढवळायला लाकडी दांडा. नळाची तोटीसुद्धा बघितली, तीही प्लॅस्टिकची. गंगूबाई माझ्या मागे मागे फिरत होत्या, पण नेहमीसारख्या बोलत नव्हत्या.

शेवटी पातेलंच मोरीत ओतलं. तळाशी टणकन वाजलं. बोटभर लांब, गंजलेला खिळा.

"गंगूबाई, हा कावून टाकला?" इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही रागाच्या भरात माझ्या तोंडी 'का'ऐवजी माझ्या बोलीतलं 'कावून' येतं.

त्यांनी पदर सावरला. "काल गल्लीतल्या बाया रंग बघाय आल्त्या न्हाई का. एक म्हनली, लई देखना रंग हाय. म्या म्हनलं, नजर लागायची. म्हनून टाकला."

सॅम्पलच्या वेळी बघायला कोणी आलं नव्हतं. म्हणून तेव्हा खिळाही नव्हता.

मी चिडले, चांगलीच चिडले. पण त्यांचा चेहरा बघून शब्द गिळले. त्यांनी माझ्या रंगाला स्वतःच्या लेकरासारखं जपलं होतं. लॅबमध्ये तीस वर्षांत असं कोणी केल्याचं मला आठवत नाही.

मग लिंबूसत्त्व आणलं. कोमट पाण्यात कालवून पाचही ओढण्या त्यात बुडवल्या, पाणी तीनदा बदललं. काळेपणा उतरला, तशी तुरटीही उतरली. म्हणून सगळं पहिल्यापासून. उरलेल्या पाच कोऱ्या ओढण्या त्यांच्यापेक्षा एक छटा फिक्या येत होत्या, त्यांना दोन बुड्या जास्त दिल्या. गिरणीत याला शेड मॅचिंग म्हणतात आणि त्यासाठी मशीन असतं. इथे मी एक डोळा मिटून बघत होते आणि गंगूबाई "अजून जरा" म्हणत होत्या.

शुक्रवारी मॅडम स्वतः आल्या. दहाही ओढण्या उन्हात पसरून बघितल्या. नऊ बिनतक्रार. दहावीच्या कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. काठाच्या शिवणीत मसुराएवढा काळा डाग राहिला होता. मी लिंबू आणायला उठले. गंगूबाई भिंतीकडे बघत होत्या.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "ही मी धाकटीला देते. चारचौघींत तीच जास्त देखणी आहे. नजर लागायला नको."

गंगूबाईंनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी ओढण्यांच्या घड्या घालायला लागले.

तेव्हापासून माझ्या वहीत पहिली सूचना आहे: कापड टाकण्याआधी पातेल्याच्या तळाशी हात फिरवावा. खिळा मी फेकला नाही. गंगूबाई तो आता चुलीच्या दगडाखाली ठेवतात. त्यानंतर एकही रंग बिघडलेला नाही. ते माझ्या सूचनेमुळे की त्यांच्या खिळ्यामुळे, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.