तीन बेडकांचं जेवण

माझे सासरे रिटायर झाले त्या दिवशी नारळ, शाल आणि बादलीभर बेडूक घेऊन घरी आले. तीस वर्षं ते कॉलेजच्या लॅबमध्ये बेडूक बेशुद्ध करून मुलांच्या ट्रेमध्ये ठेवायचं काम करत होते. शेवटचं प्रॅक्टिकल उरकलं, पाच बेडूक उरले, आणि जाता जाता त्यांना मारणं बाबांना जमलं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरणे नुकतं वसत होतं आणि आमच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा पुरत नव्हती. मी कपाळाला हात लावला आणि कपडे भिजवायचा टब गॅलरीत काढून दिला.

हे पाण्यातच राहणारे बेडूक, डोळे तेवढे वर काढून तरंगणारे. पकडल्यापासून उपाशी, त्यामुळे पार खंगलेले. अंगात जरा बळ आलं की तळ्यात सोडू, असं बाबा म्हणाले. पण ते खाईनात. बाबांनी जवळ्याचा चुरा घातला, मांदेलीचे बारीक तुकडे घातले; पाणी तेवढं नासलं. आठवड्यात दोन मेले.

"ह्यांना मारायचं सोडून काही शिकलोच नाही गं मी," बाबा म्हणाले.

"वरणभात कालवून बघा," मी थट्टेत म्हटलं. ते हसले नाहीत.

शेजारच्या बोनकोडे गावातली मासेवाली दारावर यायची. तिने टबात डोकावलं. "मेलेलं नाय खात त्ये. हालाया पायजे. आन भ्यालेलं हाय, तुमी सगली बगत बसल्यावर कसं खातील?"

मग अर्ध्या टबावर गोणपाट टाकलं. मागच्या प्लॉटमधली माती उकरून गांडुळं आणली आणि एकेक दोऱ्याला बांधून मी पाण्यावर धरू लागले. हात अवघडला तरी हलायचं नाही. चौथ्या दिवशी एकाने झडप घातली आणि पुढच्या दोन पायांनी गांडूळ तोंडात कोंबलं. मी बाबांना हाक मारली. ते लगबगीने आले, आणि तिघेही तळाशी गेले.

पुढे रोज तेच. माझ्या हातचं खायचे, बाबा आले की बुडी मारायचे. "माझ्या हातांना लॅबचा वास असणार," म्हणत बाबा साबणाने, लिंबाने हात घासू लागले. नंतर तर आतूनच विचारायचे, "खाल्लं का?"

वास कसला? बाबा एक पाय ओढत चालायचे, त्याने फरशी हादरायची आणि टबातलं पाणी थरथरायचं. माझ्या ते दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं होतं. आधीच येऊन स्टुलावर गप्प बसा, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी सांगितलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, माझ्या प्रत्येक कामात बाबा खोट काढायचे, आणि पहिल्यांदाच काहीतरी फक्त माझ्या हातून होत होतं. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

महिन्याभरात तिघेही चांगले भरले. त्यांना तळ्यात सोडायला मी बादली उचलली.

"बाबा, चला ना."

"नको. जन्मभर भ्यायली ही जात मला. जाताना तरी नको."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी "बरं" म्हणाले आणि जिना उतरले.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी बाबा वारले. बेडकांनी आपल्याला माफ केलं नाही, असं शेवटपर्यंत समजून वारले.