सुईची भोकं

तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे मिरची. हे तिला माहीत नव्हतं असं समजू नका. चांगलं माहीत होतं, आणि आवडायचंही. मिरचीला कोणी उगाच हात लावत नाही, आणि गॅरेजात काम करणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवायचं तिचं काम. खडी उडून टवका जाऊ नये, ओरखडा पडू नये म्हणून लोक हौसेनं फिल्म लावून घेतात, आणि मग तीच फिल्म फाटक्या बनियनच्या फडक्यानं खसाखसा घासतात. "स्वतःचं तोंड पुसता का हो असं?" ती गिऱ्हाइकालाच विचारायची. गिऱ्हाईक वरमायचं. मालक केबिनच्या काचेआड कपाळाला हात लावायचा.

पण हात असा, की बोलायची सोय नाही. साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवायची, रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी रेटायचं आणि शेवटी कड आत दुमडायची. ती दुमडलेली कड नखानं शोधूनसुद्धा सापडायची नाही.

या गॅरेजचे उस्ताद आता गुडघ्यांपायी काम सोडणार होते. त्यांची जागा तिला हवी होती. हवी म्हणजे काय, तिचीच होती ती! दुसरा कारागीर होता, त्याला सगळे मिशा म्हणायचे. मिशा भारदस्त, काम यथातथा. मालकानं तिला सांगितलं होतं, "ही पांढरी गाडी बिनतक्रार जाऊ दे. मग उस्तादांची जागा तुझी."

तिनं त्या गाडीवर जीव ओतला. आठवड्यानं गाडी तपासणीला आणि पहिल्या धुण्याला परत आली. धुवायच्या रॅम्पवर तिचा नवरा असायचा. मऊ स्वभावाचा माणूस. घरात भांडं पडलं तरी आधी भांड्याचीच माफी मागेल असा. त्यानं गाडी धुतली, पुसली, आणि बॉनेटवर पुन्हा पुन्हा फडकं फिरवत राहिला.

ती जवळ गेली. पांढऱ्या बॉनेटवर मोहरीएवढे काळे ठिपके. पाच नाही, सहा नाही, नुसती रांगोळी! तिनं नख फिरवलं. घाण वर नव्हती, फिल्मच्या आत होती, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध बारीक भोक होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणी सुई मारली? कोणाचे हात शिवशिवत होते?" तिनं मिशाकडे बोट केलं. "तूच! जागा हवी ना तुला? मग समोरून घे की, मेल्या!"

"मी केलं," नवरा म्हणाला.

फिल्म नवी असली की तिच्याखाली पाण्याचे बारके फुगे राहतात. चार दिवस ऊन लागलं की आपोआप बसतात. फिल्म लावणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं. पण नवरा पडला धुणारा. गाडी जायच्या दिवशी सकाळी त्यानं फुगे पाहिले, आता हिची जागा जाणार म्हणून घाबरला, आणि शर्टाच्या कॉलरमागची सुई काढून एकेक फुगा फोडत बसला. वरून कसं गुळगुळीत दिसलं! मग रस्त्यावरची धूळ त्या भोकांतून आत शिरली आणि तिथेच बसली.

"अहो, मला विचारायचं होतं ना! तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तुला?" तो फडक्याकडे बघत म्हणाला. "तुला विचारायचा धीर कोणाला होतो गं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. ती वळली तसं ते हसू जागच्या जागी मेलं.

मालक बाहेर आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "ताई, फिल्म काय, दुसरी लागेल," तो म्हणाला. "पण घरचा माणूस विचारायला घाबरतो, तर तुझ्या हाताखालची पोरं काय विचारणार? जागा मी मिशाला देतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट?" तिचा आवाज पत्र्याला जाऊन लागला. "उस्तादांनी या मिशाच्या डोक्यात पट्टी फेकून मारली होती. तेव्हा तुम्हीच म्हणालात, काय शिस्त आहे! मी नुसती ओरडले तर माझा स्वभाव वाईट? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

मालकानं कान खाजवला. "गाडी संध्याकाळी द्यायचीय," एवढं बोलून तो केबिनमध्ये गेला.

तिनं गरम हवेच्या बंदुकीनं बॉनेटवरची फिल्म शेकली आणि ओढून काढली. रडू येत होतं, ते तिनं रागात घोळून गिळलं. मालकाचा राग येत होता. नवऱ्याचं वाक्य तर त्याहून जास्त बोचत होतं. कारण ते खोटं नव्हतं.

नवी फिल्म आणून तिनं दुसरं टोक नवऱ्यापुढे केलं. "धरा."

दोघांनी फिल्म पाण्यावर टेकवली. ती पट्टी ओढत गेली. कडेपाशी एक फुगा राहिला. नवऱ्यानं पाहिला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "हा... असाच ठेवायचा?"

"हात तर लावून बघा!" तिच्या तोंडून सवयीनं सुटलं. त्यानं लगेच मान खाली घातली. किती सराईतपणे घातली! तिनं ते इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

तिनं पट्टी खाली ठेवली. "पाणी आहे ते," ती म्हणाली. "उन्हानं बसतं. विचारलंत ते बरं केलंत."

नवऱ्यानं मान डोलावली. कॉलरमागची सुई काढून त्यानं मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवली.

दुपारनंतर मिशा आला. दुसऱ्या गाडीच्या आरशावर त्याची फिल्म तिसऱ्यांदा सुरकुतली होती. "ताई," तो हळूच म्हणाला, "हे टोक जरा कसं वळवायचं, दाखवता का? तुमच्यासारखं काही जमत नाही."

सगळ्यांचे हात थांबले. आता मिरची उडणार! तिच्या नाकपुड्या फुगल्याही.

तिनं हात पुसले. आवाज जराही चढवला नाही. "दाखवते की. का नाही दाखवणार? विचारायला आलास, चांगलं केलंस." मग तिनं केबिनच्या काचेकडे बोट केलं. "फक्त आधी त्यांना बाहेर बोलाव. आता जे विचारलंस ना, तेच त्यांच्यासमोर विचार."